झूम लेन्सची चाळिशी

एक सेंटीमीटर लांबीचा किडा बोटावर बसला आहे आणि तुम्ही तो डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरून न्याहाळता आहात. त्या क्षणी तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर त्याची जी प्रतिमा उमटलेली असते, ती किती लांब असेल? पाऊण मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा चित्रावरून आपला मेंदू त्याचे पाय मोजतो, पंखांवरच्या रेघा ओळखतो आणि तो चावरा आहे की निरुपद्रवी, याचाही निवाडा करतो. बोट आणखी जवळ आणलं की चित्र धूसर होतं, कारण डोळ्यातल्या भिंगाला त्याहून जास्त फुगता येत नाही. माणसाला दिसणाऱ्या जगाची एक हद्द अशी त्याच्या नाकासमोरच आखलेली आहे.

कॅमेऱ्याची मॅक्रो लेन्स हाच किडा सेन्सरवर पूर्ण एक सेंटीमीटर लांबीचा उमटवते, म्हणजे डोळ्यातल्या प्रतिमेच्या तेरा-चौदा पट. फुलपाखराच्या पंखावरचे खवले किंवा चतुराच्या डोळ्यातली हजारो लहान भिंगं फोटोत पहिल्यांदा पाहताना आपण दचकतो, त्याचं मूळ या आकड्यात आहे. ती गोष्ट रोज अंगणात असते. ती एवढी मोठी उमटवणारं भिंगच आपल्या डोळ्यात नसतं.

ज्याला असे फोटो काढावेसे वाटतात, त्याला सहसा तेवढ्यावर समाधान नसतं. नदीपलीकडच्या फांदीवरचा खंड्याही हवा असतो. दुकानात गेलं की लांबच्यासाठी एक लेन्स, जवळच्यासाठी दुसरी, असा खर्चाचा दुहेरी आकडा समोर येतो. यातून वाट आहे. लांबचं ओढून आणणारी साधी, स्वस्त झूम लेन्सच जवळच्या जगाचंही दार उघडू शकते. ही नुसती काटकसरीची युक्ती नाही. त्यामागे प्रकाशाचा एक फार देखणा नियम आहे.

मोजायचं काय?

लेन्सच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत मिलिमीटर छापलेले असतात: ५५-२५०, ७०-३००. हे झाले फोकल लेंग्थचे आकडे, शाळेत ज्याला आपण नाभीय अंतर म्हणायचो ते. जवळच्या छायाचित्रणासाठी मात्र महत्त्वाचा आकडा तांत्रिक माहितीच्या तक्त्यात खाली कुठेतरी दडलेला असतो. तो म्हणजे सर्वाधिक मॅग्निफिकेशन. सेन्सरवरच्या प्रतिमेची लांबी भागिले प्रत्यक्ष वस्तूची लांबी, एवढाच त्याचा अर्थ. १:१ म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच प्रतिमा. १:२ म्हणजे निम्मी.

तुमच्याकडच्या लेन्सचा हा आकडा काढायला फूटपट्टी पुरते. लेन्स सर्वांत जास्त झूम करा, ती जितक्या जवळ फोकस करते तितक्या जवळ जा आणि फूटपट्टीचा आडवा फोटो काढा. चौकटीच्या रुंदीत किती मिलिमीटर दिसतात ते मोजा आणि सेन्सरच्या रुंदीला त्या संख्येने भागा. नेहमीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत सेन्सरची रुंदी निकॉनमध्ये २३.५ मिमी, कॅननमध्ये २२.३ मिमीच्या आसपास असते. फुल फ्रेममध्ये ती ३६ मिमी. कॅननची ५५-२५० एसटीएम ही किट झूम, म्हणजे कॅमेऱ्याच्या संचात मिळणारी साधी झूम घेतली, तर फोटोत साधारण ७७ मिमी दिसतील आणि भागाकार येईल ०.२९.

०.२९ पुरेसं आहे का? ते तुम्ही कशाचा फोटो काढणार यावर ठरतं. राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. २०१५ साली त्याला हा मान मिळाला. पंख पसरले की ते १२ ते १५ सेंटीमीटर भरतं. ते चौकटीत मावायला ०.१६ मॅग्निफिकेशन पुरतं, त्यामुळे किट झूमला काहीही जोडायची गरज नाही. आता गवतात उडणारं ग्रास ज्वेल बघा. भारतातल्या सर्वांत लहान फुलपाखरांपैकी हे एक. पंख मिटून बसलं की जेमतेम सेंटीमीटरभर. त्याच लेन्सने ते सेन्सरवर तीन मिलिमीटरचं उमटेल आणि चौकटीच्या रुंदीचा आठवा भाग भरेल. त्याच्या पंखाच्या कडेचे चमकदार ठिपके मोकळेपणाने दिसायचे तर १:१ कडे जायला हवं. दोन्ही फुलपाखरंच, पण एकासाठी लेन्स घरात आहे आणि दुसऱ्यासाठी नाही. म्हणून ‘चांगली मॅक्रो लेन्स कोणती’ या प्रश्नाआधी ‘माझा विषय किती मिलिमीटरचा’ हा प्रश्न विचारावा.

जवळ जाणं इतकं अवघड का?

लांबच्या वस्तूंसाठी हिशेब सोपा असतो. मॅग्निफिकेशन म्हणजे जवळजवळ फोकल लेंग्थ भागिले अंतर. दहा मीटरवर बसलेला, चोचीपासून शेपटीपर्यंत २७-२८ सेंटीमीटरचा खंड्या २५० मिमी लेन्समधून सेन्सरवर सात मिलिमीटरचा येतो. ५५ मिमीवर तो दीड मिलिमीटरचा होतो. झूमचं सगळं आकर्षण या भागाकारात आहे: वरचा आकडा वाढवा, पक्षी मोठा होतो.

मग खालचा आकडा, म्हणजे अंतर, कमी करत का नेऊ नये? कारण भिंगाची एक अट आहे. वस्तू अनंत अंतरावर असते, तेव्हा प्रतिमा भिंगामागे बरोबर एका फोकल लेंग्थवर पडते. वस्तू जवळ येऊ लागली की प्रतिमा मागे सरकू लागते. वस्तू दोन फोकल लेंग्थवर आली की प्रतिमाही मागे दोन फोकल लेंग्थवर जाते आणि दोघींचा आकार सारखा होतो. हेच १:१. म्हणजे ५० मिमीच्या साध्या लेन्सला १:१ गाठायचं तर तिचं भिंग सेन्सरपासून आणखी ५० मिमी पुढे न्यावं लागेल. नेहमीच्या ५० मिमी लेन्सची नळी मात्र सात-आठ मिलिमीटरच पुढे सरकते. खऱ्या मॅक्रो लेन्सची किंमत बरीचशी या उरलेल्या प्रवासासाठी असते, आणि त्या सगळ्या प्रवासात चित्र कडेपासून कडेपर्यंत रेखीव ठेवण्यासाठी.

या नियमातून एक गंमत निघते. वस्तू आणि तिची प्रतिमा यांच्यातलं अंतर चार फोकल लेंग्थपेक्षा कमी होऊच शकत नाही. २५० मिमीसाठी ते एक मीटर झालं. पण वरच्या ५५-२५० लेन्सची माहिती सांगते की ती ८५ सेंटीमीटरवरही फोकस करते. निसर्गनियम मोडला की काय? नाही. जवळ फोकस करताना लेन्सच्या आतले भिंगांचे गट असे सरकतात की ती २५० मिमीची राहतच नाही. अंतर आणि मॅग्निफिकेशन यांवरून ढोबळ हिशेब मांडला, तर त्या क्षणी ती १५० मिमीच्या आसपास असते. नळीवर छापलेला आकडा लांबच्या जगासाठी खरा असतो. समोर फुलपाखरू आलं की लेन्स गुपचूप आपली फोकल लेंग्थ आखडून घेते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

चोवीस काचपृष्ठांतून जाणारा किरण

स्वस्त म्हणून आपण जिच्याकडे नाक मुरडतो, त्या किट झूमच्या पोटात काय आहे हे एकदा पाहावं. ५५-२५० एसटीएममध्ये १५ भिंगं १२ गटांत बसवलेली आहेत. म्हणजे प्रकाशाला हवेतून काचेत आणि काचेतून हवेत अशा चोवीस पृष्ठांवरून जावं लागतं. लेप नसलेलं काचेचं प्रत्येक पृष्ठ सुमारे चार टक्के प्रकाश परतवतं. चोवीस वेळा चार-चार टक्के गेले की सेन्सरपर्यंत ३७-३८ टक्के उरतो. बाकीच्यातला बराचसा आतल्या आत उड्या मारत चित्रावर धुकं पसरवतो. अशी लेन्स शंभर वर्षांपूर्वी कुणी बनवली असती, तर तिच्यातून धड चित्र मिळालं नसतं.

हा तिढा सुटला तो १९३५ साली. झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पारदर्शक पदार्थाचा अतिपातळ लेप चढवण्याची पद्धत शोधली. लेपाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांशाएवढी राखली, की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे तरंग एकमेकांना मारून टाकतात. प्रकाश प्रकाशाला विझवतो आणि जो परत फिरणार होता तो पुढे निघून जातो. लेन्सच्या काचेवर जांभळी-हिरवी झाक दिसते, ती या लेपांची.

त्यानंतर झूम व्यवहार्य झाली. ३५ मिमी कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स १९५९ साली आली: फोक्टलेंडरची झूमार, ३६-८२ मिमी. रचना फ्रँक बॅक यांची होती, पण ती घडवली गेली म्युनिकला हाइन्झ किलफिट यांच्या कारखान्यात. याच किलफिट यांनी १९५५ साली माक्रो-किलार ही लेन्स काढली होती. ३५ मिमी एसएलआर कॅमेऱ्यांसाठीची पहिली मॅक्रो लेन्स म्हणून तिचं नाव घेतलं जातं. लांबचं आणि जवळचं या दोन वाटा सुरुवातीलाच एका माणसाच्या दारात भेटलेल्या आहेत.

लेन्सवर ‘मॅक्रो’ छापलं म्हणजे?

स्वस्त झूम घेताना दोन प्रकार समोर येतात. पहिला प्रकार स्थिरीकरण असलेल्या किट झूमचा: कॅननची ५५-२५०, निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआर. एसएलआर कॅमेऱ्यांच्या बदलत्या लेन्समध्येच हात थरथरण्यावर उतारा देण्याची सुरुवात कॅननच्या १९९५ सालच्या ७५-३०० आयएस लेन्सने झाली. तेव्हा अपूर्वाईची असलेली ही सोय आता साध्या झूममध्येही मिळते. पक्ष्यांसाठी तिचं मोल मोठं आहे. मात्र यांचं मॅग्निफिकेशन एक चतुर्थांशाच्या आगेमागेच थांबतं.

दुसरा प्रकार टॅमरॉनची ७०-३०० डीआय एलडी मॅक्रो आणि सिग्माची ७०-३०० एपीओ डीजी मॅक्रो अशा जुन्या लेन्सचा. सेकंड हँड बाजारात त्या अजून फिरतात. त्यांच्या नळीवर मॅक्रोचं एक बटण असतं. टॅमरॉनमध्ये १८० ते ३०० मिमी आणि सिग्मामध्ये २०० ते ३०० मिमी या टप्प्यात ते सरकवलं की लेन्स ९५ सेंटीमीटरवरून १:२ पर्यंत पोचते. जवळपास मीटरभर लांबून निम्म्या आकाराचं फुलपाखरू मिळणं ही मोठीच सोय. पण या दोन्हींत स्थिरीकरण नाही आणि ३०० मिमीच्या टोकाला चित्र जरा मऊ येतं. निकॉनचे सुरुवातीच्या श्रेणीतले कॅमेरे वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. त्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे मोटर नसलेली लेन्स घेतली तर सगळं हाताने फोकस करावं लागेल. फुलांसाठी चालेल, पक्ष्यांसाठी तारांबळ उडेल.

याखेरीज कित्येक झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ हा शब्द १:४ वरच छापलेला असतो. त्यावर जाऊ नये. तक्त्यातला आकडा बघावा.

अनंताचा चष्मा

माझ्या मते बहुतेकांसाठी उत्तर पहिल्या प्रकारच्या झूममध्ये आणि तिच्यापुढे लावायच्या एका लहानशा भिंगात आहे. दुकानात त्याला क्लोज-अप फिल्टर किंवा क्लोज-अप लेन्स म्हणतात. फिल्टरसारखं ते पुढच्या आट्यांत बसतं. त्यावर +२, +४ असे आकडे असतात. हे डायॉप्टर, म्हणजे चक्क चष्म्याचे नंबर. पंचेचाळिशीतला माणूस पेपर वाचताना चाळिशी लावतो, तशीच ही झूम लेन्सला लावलेली चाळिशी.

ती काय करते ते मात्र विलक्षण आहे. १००० ला डायॉप्टरने भागलं की त्या भिंगाची फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये मिळते: +२ ची ५००, +४ ची २५०. वस्तू बरोबर तेवढ्या अंतरावर ठेवली, की तिच्या प्रत्येक बिंदूतून निघालेले किरण या भिंगातून बाहेर पडताना समांतर होतात. समांतर किरण येतात ते चंद्राकडून, ताऱ्यांकडून. मागच्या झूम लेन्सला फरक कळायला काही मार्गच उरत नाही. तिचा फोकस अनंतावर लावलेला असतो आणि ती निवांतपणे अर्ध्या मीटरवरचं फूल पाहत असते. झूमच्या दृष्टीने गवताचं पातं आणि चंद्रकोर सारख्याच अंतरावर येतात.

या रचनेत मॅग्निफिकेशनचा नियम एका ओळीचा आहे: झूमची फोकल लेंग्थ भागिले क्लोज-अप भिंगाची फोकल लेंग्थ. २५० मिमी झूमपुढे +२ लावलं तर २५० भागिले ५००, म्हणजे १:२, तेही अर्ध्या मीटरवरून. +४ लावलं तर १:१, पाव मीटरवरून. रेनॉक्सची डीसीआर-२५० ही +८ ची जोडणी आट्यांऐवजी चिमट्याने बसते. ती १२५ मिमीवरून २:१ देते, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट. तिचीच धाकटी डीसीआर-१५० ही +४.८ ची आहे. तिने २५० मिमीवर १:१ च्या थोडं पुढे जाता येतं आणि किड्यापासून वीसेक सेंटीमीटरचं अंतरही राहतं. सुरुवात करणाऱ्याने +८ कडे धाव न घेता +३ ते +५ मध्ये राहावं.

आता झूमची कडी फिरवा. अंतर तेच राहतं, कारण ते पुढचं भिंग ठरवतं. बदलतं ते मॅग्निफिकेशन. +४ लावून पाव मीटरवर उभं राहिलं, तर ५५ पासून २५० पर्यंत फिरवताना ते ०.२२ पासून १ पर्यंत चढतं. मधे फोकस किंचित सावरावा लागतो, एवढंच. महागड्या मॅक्रो लेन्सला हे जमत नाही. तिला चौकट बदलायची तर पुढे-मागे व्हावं लागतं, आणि तेवढ्यात फुलपाखरू उडून जातं.

या भिंगामुळे प्रकाशही कमी होत नाही. ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/८ वर ठेवलं तर सेन्सरला एफ/८ चाच उजेड मिळतो.

एक अट आहे. बाजारात +१, +२, +४, +१० असा चार भिंगांचा संच काही शे रुपयांत मिळतो. ती प्रत्येकी एकाच काचेची असतात. एक काच निळा आणि लाल प्रकाश एकाच जागी गोळा करू शकत नाही, त्यामुळे कडांना जांभळ्या-हिरव्या किनारी येतात. झूम जितकी लांब, तितक्या त्या ठळक. यावरचा उपाय जुना आहे. दोन वेगळ्या जातींच्या काचा चिकटवून रंग पुन्हा एकत्र आणायच्या युक्तीचं पेटंट लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ साली घेतलं होतं, दुर्बिणींसाठी. अशा जोडभिंगाला ॲक्रोमॅट म्हणतात. कॅननची ५०० डी (+२) आणि २५० डी (+४) किंवा मारुमीची ॲक्रोमॅट भिंगं या जातीची आहेत. स्वस्त संचाहून ती बरीच महाग पडतात, तरी नव्या मॅक्रो लेन्सच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात येतात. घेताना आपल्या लेन्सच्या फिल्टरचा व्यास जुळतो का ते पाहावं.

छोट्या लेन्सच्या दोन युक्त्या

झूम नसेल, नुसती ५० मिमी किंवा १८-५५ असेल, तर ही चाळिशी फारशी कामाची नाही. ५० ला २५० ने भागून ०.२ च मिळणार. तिथे एक्स्टेन्शन ट्यूब वापरायची. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी ही पोकळ नळी, आत काचही नाही. ती भिंगाला सेन्सरपासून दूर नेते आणि नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ एवढं मॅग्निफिकेशन वाढवते. ५० मिमीच्या मागे २५ मिमीची नळी घातली की अर्ध्याची भर.

दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहा. क्लोज-अप भिंगाच्या नियमात लेन्सची फोकल लेंग्थ भागाकाराच्या वर आहे, नळीच्या नियमात खाली. म्हणून भिंग लांब लेन्सला फळतं आणि नळी आखूड लेन्सला. २५० मिमी झूमला नळीने १:१ ला न्यायचं म्हटलं, तर पाव मीटर लांबीची नळी लागेल! नळीत प्रकाशही खर्च होतो: १:१ ला पोचेपर्यंत चौथा हिस्सा उरतो. विजेचे संपर्क नसलेल्या स्वस्त नळ्यांमध्ये ॲपर्चर आणि ऑटोफोकस दोन्ही बंद पडतात, हेही लक्षात ठेवावं.

दुसरी युक्ती सर्वांत स्वस्त: रिव्हर्स रिंग लावून लेन्स उलटी बसवणं. साधी लेन्स मोठ्या दृश्याचं लहान चित्र करण्यासाठी घडवलेली असते. प्रकाशाचा मार्ग उलटसुलट दोन्हीकडून सारखाच चालतो, म्हणून तीच लेन्स उलटी धरली की लहान गोष्टीचं मोठं चित्र करते. ५० मिमी उलटी लावली की जवळपास १:१ मिळतं आणि २८ मिमी उलटी लावली की दुपटीहून जास्त. म्हणजे लेन्स जितकी रुंद पाहणारी, उलटी केल्यावर ती तितकी खोल शिरते. यात सगळं हाताने करावं लागतं आणि किड्याच्या अंगावर जाऊनच फोटो घ्यावा लागतो. मिठाचे दाणे, नाण्यावरची अक्षरं, वाळलेलं पान यांसाठी मात्र हा खेळ उत्तम.

अंतराचं मोल

लेन्सचं टोक आणि वस्तू यांच्यामधल्या मोकळ्या जागेला वर्किंग डिस्टन्स म्हणतात. तक्त्यात दिलेलं किमान फोकस अंतर यापेक्षा वेगळं असतं, कारण ते सेन्सरपासून मोजलेलं असतं. निकॉनची ४० मिमी मायक्रो ही खऱ्या १:१ लेन्समधली स्वस्त लेन्स. तिचं किमान अंतर १६.३ सेंटीमीटर आहे. त्यातून कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा केली, की किड्यापुढे जेमतेम तीन-चार सेंटीमीटर उरतात. लेन्सची सावलीच त्याच्यावर पडते. ९० किंवा १०० मिमीच्या मॅक्रो लेन्समध्ये १:१ ला तेरा-पंधरा सेंटीमीटर मिळतात. झूम आणि +४ च्या जोडीत ते जवळपास पंचवीस होतात.

हे अंतर साताऱ्याजवळच्या कास पठारावर फार उपयोगी पडतं. सीतेची आसवे ही जेमतेम सेंटीमीटरभर आकाराची निळी-जांभळी फुलं तिथे पाणथळ जागेत दाटीने उभी असतात. कीटक खाणाऱ्या दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब तर मिलिमीटरच्या मापाचे. या गालिच्यात पाय टाकायचा नसतो. एका फुलाजवळ जाण्याच्या नादात दहा रोपं तुडवली जातात. वाटेवर बसून, झूमपुढे +२ लावून, हात पुरेल एवढ्या अंतरावरच्या फुलाचा अर्ध्या आकाराचा फोटो मिळत असेल, तर स्वस्त साधनानेच पठाराचीही बूज राखली जाते.

नियम वसुली करतोच

जवळ जाण्याची किंमत खोलीत मोजावी लागते. एपीएस-सी सेन्सरवर पोचणारा प्रकाश एफ/१६ चा धरला, तर १:२ ला सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट दिसतो. १:१ ला तो पाऊण मिलिमीटरहूनही कमी होतो आणि २:१ ला ०.१६ मिमीवर येतो. मॅग्निफिकेशन दुप्पट, खोली चौथाई. म्हणून फुलपाखराचा मिटलेला पंख सेन्सरला समांतर येईल असं बसावं. कीटकाच्या बाबतीत डोळा स्पष्ट आला की बाकीचं माफ. फोकसची कडी फिरवत बसण्यापेक्षा हाताने फोकस एका जागी ठेवून, शरीर हलकेच पुढे-मागे झुलवत योग्य क्षणी बटण दाबणं जास्त जमतं.

वाऱ्याचाही हिशेब असाच. १:१ ला फूल एक मिलिमीटर हललं, की सेन्सरवरची प्रतिमाही एक मिलिमीटर सरकते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात तेवढ्या जागेत अडीचशे पिक्सेल असतात. स्थिरीकरण इथे फारसं मदतीला येत नाही, कारण हलतंय ते फूल. उपाय फ्लॅशचा. कमी ताकदीवर तो सेकंदाच्या हजारो भागांपैकी एका भागापुरता उजळतो आणि तेवढ्यात वारासुद्धा थबकल्यासारखा दिसतो. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर धरला की उजेड मवाळ होतो.

सेकंड हँड घेताना

लोक मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स बाजारात भरपूर आल्या आहेत. आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्यांचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. दोन्ही टोकांची झाकणं काढा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसले, तर कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स सोडा. ती बुरशी वर सांगितलेला लेपच खाते. बारीक धूळ चालते. झूमची कडी अडखळते का, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का, स्थिरीकरण सुरू होतं का, हेही तपासा. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

मग खरी मॅक्रो लेन्स कुणी घ्यावी?

ज्यांना दागिने, नाणी, टपाल तिकिटं, जुनी कागदपत्रं टिपायची आहेत त्यांनी. सपाट वस्तूच्या चारही कोपऱ्यांत सारखी स्पष्टता हवी असेल, तर झूम आणि चाळिशीची जोडी कमी पडते. टॅमरॉनची ९० मिमी मॅक्रो १९७९ पासून अनेक पिढ्यांत आली आहे. १:१ देणारी एखादी जुनी पिढी सेकंड हँड मिळाली तर ती आयुष्यभराची सोबत होते.

कीटक, फुलं आणि अधूनमधून खंड्या एवढीच हौस असेल, तर एक शेवटचा हिशेब पाहावा. प्रकाश बारीक छिद्रातून गेला की पसरतो. एफ/१६ ला एका बिंदूचं चित्र सुमारे ०.०२ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्याएवढं होतं. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तो ठिपका पाच पिक्सेल रुंद असतो. हा काचेचा दोष नाही, प्रकाश तरंग असल्याचा परिणाम आहे. खोली हवी म्हणून जवळच्या फोटोंत सगळेच याच आकड्याच्या आसपास छिद्र लहान करतात आणि मग लाखाची लेन्सही त्याच ठिपक्याने चित्र रंगवते. उघड्या ॲपर्चरवर महाग आणि स्वस्त लेन्समध्ये जो फरक ठसठशीत दिसतो, तो इथे बराचसा पुसला जातो. छायाचित्रणात पैशाची ताकद सर्वांत कमी चालते ती याच कोपऱ्यात. म्हणून आधी स्थिरीकरण असलेली साधी झूम, मग तिच्या मापाचं एक चांगलं ॲक्रोमॅट, मग छोटा फ्लॅश, या क्रमाने खर्च करावा. मोठ्या मॅक्रो लेन्सचा विचार त्यानंतर, आणि तोही फूटपट्टीने मोजून गरज सिद्ध झाली तरच.